हवाली

परभणीच्या शिक्षण कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या दत्तरावांच्या पेटीपाशी मी पाळीची वाट बघत बसलो होतो. माझ्यापुढं केवळाबाई होत्या, मांडीवर करडू घेऊन.

"तुमचा पैला अर्ज वापस आलाय, बाई."

"काय म्हनत्यात?"

"तुमची पोरगी शाळेच्या आवारात पडली न्हाई, म्हणून जिम्मा सरकारचा न्हाई."

"मास्तरनंच घागर देऊन धाडलं तिला, त्याच्या घरच्या पान्याला. हिरीच्या पायरीवर घसरली, पाय मोडला."

"शाळेच्या वेळेत?"

"भर शाळेत. पाढे म्हनायला उठली, तर म्हनला, आधी पानी आन."

"पण हीर शाळेच्या बाहेर हाय ना. साहेब आवार बघतो."

"हीर कुठं हाय ते न्हाई इचारत, मुनशीजी. पोरगी कोनापाशी होती ते इचारायलेय."

"असं अर्जात चालत न्हाई. बरं, नव्या अर्जावर डकवायला कोर्टाचं तिकीट लागंल. त्या खिडकीवर मिळतंय, घेऊन या."

"जाते. हे करडू तुमच्या हवाली."

"बांधा पेटीच्या कडीला."

"आन सुटून सडकंवर गेलं, मोटारीखाली आलं तर?"

"कसं जाईल? मी हाय ना इथं."

"पर गेलंच तर? सडक तर तुमची न्हाई."

"सडक कोनाची का असंना! माझ्या हवाली केलंय, तर जवाब मीच देईन की."

"मग तेच लिवा अर्जात. मी तिकीट घिऊन येते."