चालत्या वरातीत तबकडी

चूक सगळी गुलाबकाकाची. म्हातारा हेकेखोर. मी डीजेवाला, लॅपटॉपवर गाणी जोडतो. तो जुना तबकड्यावाला. "बटन दाबनं म्हंजे वाजवनं नाही बे!" हे त्याचं रोजचंच.

जऊळका गावच्या वरातीत मी चिडलो. "काका, चालत्या पिकअप गाडीवर वाजवून दाखवा. सुई उडाली तं सगळ्या तबकड्या भंगारात."

म्हातारा चढला. आपला रेकॉर्ड प्लेअर दोन्ही तळहातांवर तोलून धरला. खड्डा आला की गुडघ्यात वाकायचा, झटका अंगावर घ्यायचा. गाणं अख्खं वाजलं, सुई जागची हलली नाही. नाचणारे पोट्टे थांबून त्यालेच पाहून राह्यले.

"मानलं काका! उतरा आता."

"दुसरी बाजू काय तुहा बाप वाजवन?"

तीही वाजवली. त्या दिवसापासून काकाले सरळ उभं राहता येत नाही.