सतरा इंची लॅपटॉपच्या खरेदीवेळी झालेल्या मारहाणीबाबत

नाव: निन्फा सानाब्रिया, वय ३९ वर्षे
धंदा: फर्निचर बनवणाऱ्यांना संगणकावर स्वयंपाकघरांची व खोल्यांची चित्रे काढून देणे
राहणार: एन्कार्नासिओन, पाराग्वे. घर क्रमांक सांगितला आहे, परंतु मी सध्या तेथे राहत नाही.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, लग्न झाल्यापासून परवापर्यंत मी वरील गावी पती एलादियो बेरा व सासू ओब्दुलिया यांच्यासोबत राहत होते. आम्हाला मूलबाळ नाही. एलादियो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. माझे काम मी घरातूनच करते.

माझा जुना संगणक टेबलावर ठेवायचा, मोठ्या पेटीचा होता. तो मधल्या खोलीत होता. मी दाराकडे पाठ करून बसत असे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला संगणकाचा पडदा दिसत असे. ती जागा एलादियोने ठरवली होती. पासवर्ड त्याच्याजवळ होता. मला संगणकावर आलेली पत्रे तो आधी वाचत असे आणि मग मला सांगत असे की काय आले आहे. सासूबाई दिवसभर त्याच खोलीत तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, पीत बसत. मी फोनवर जरा जास्त बोलले की त्या तेवढेच म्हणत, "आज फार हसू येतंय."

मागच्या आठवड्यात वीज जाऊन परत आली, तेव्हा तो संगणक जळाला. दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले. एलादियो म्हणाला, तसलाच दुसरा आणू. मी म्हणाले, तेवढेच काम करणारा मोठा लॅपटॉप आता मिळतो, टेबलाची जागाही वाचेल. सासूबाईंना ते टेबल शिवणयंत्रासाठी हवेच होते. त्यामुळे तो तयार झाला. पण म्हणाला, "कोणता घ्यायचा ते मी ठरवणार. तुला दुकानदार गंडवतील." हे काम मी बारा वर्षे करते आहे.

परवा सकाळी आम्ही दोघे ग्रिसेल्दा अकोस्ता यांच्या दुकानात गेलो. एलादियोच्या काखेत तेरेरेसाठी बर्फाच्या पाण्याचा थर्मास होता. ग्रिसेल्दाबाईंनी दोन लॅपटॉप काउंटरवर मांडले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, पडदा सतरा इंची, आतला प्रोसेसरही तोच. एलादियो म्हणाला, "हे तर जुळे आहेत. वाद कसला?"

फरक होता. एकात ग्राफिक्स कार्ड वरच्या दर्जाचे होते, मेमरी सोळा जीबी, पण मागचे झाकण उघडून ती पुढे वाढवता येणारी. तो वजनाला जड, चार्जर विटेएवढा, आणि वायर काढली की तासाभरात बंद. दुसऱ्यात मेमरी आधीच बत्तीस, पण ती पक्की बसवलेली, वाढत नाही. कार्ड एक पायरी खालचे. तो हलका होता आणि बॅटरीवर जवळजवळ दिवसभर चालत होता.

मी दोन्हींवर माझे एक स्वयंपाकघर उघडून पाहिले. खिडकीतून ऊन येऊन ओट्यावर पडते, असे ते चित्र होते. जड लॅपटॉपवर ते लवकर तयार झाले. हलक्यावर जास्त वेळ लागला, पण झाले. मी ग्रिसेल्दाबाईंना हलक्याच्या बॅटरीबद्दल विचारू लागले. वायरशिवाय हे चित्र पूर्ण होईल का, पडदा मंद करावा लागेल का, असे विचारले.

एलादियो म्हणाला, "बॅटरीचं काय करायचंय तुला?"

मी म्हणाले, "वीज जाते ना."

"वीज गेली की बस गप्प. आजवर बसलीसच ना?"

ग्रिसेल्दाबाई मध्ये बोलल्या, "बाईंना कामासाठी गावोगाव फिरावं लागतं का? मग हलकाच बरा." त्यांनी चांगल्या मनाने विचारले. त्यांचा यात काही दोष नाही.

एलादियोने थर्मास काउंटरवर ठेवला आणि मला विचारले, "हो का? फिरतेस तू? कुठे फिरतेस?"

मी म्हणाले, "घरी बोलू."

"घरी का? इथंच सांग. पुलापलीकडे बहिणीकडे जाऊन बसणार आहेस ना? पेर्लानं खोली रिकामी केलीय, मला काय कळत नाही होय?" माझी बहीण पेर्ला नदीपलीकडे पोसादास येथे राहते. मग ग्रिसेल्दाबाईंकडे वळून तो म्हणाला, "माझी बायको लॅपटॉप घेत नाहीये, बाई. माझी बायको बॅग भरतेय."

त्यावर मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. माझा उजवा हात काउंटरवर, माउसवर होता. एलादियोने जड लॅपटॉपचा चार्जर उचलला आणि माझ्या हातावर मारला.

मला येथे सांगण्यात आले की, चार्जर दाखवताना त्याच्या हातून सुटला असे माझे पती म्हणतात. जबाबात आधी तसेच टाइप झाले होते. ते मी खोडायला लावले आहे. सुटलेली वस्तू एकदा पडते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि दोनदा मारले. दुसऱ्यांदा मारताना तो म्हणाला, "आता काढ चित्रं."

ग्रिसेल्दाबाईंनी काउंटरवरून हात घालून त्याची मनगटे धरली. त्या त्याला म्हणाल्या, "माझ्या दुकानातून चालता हो." तो त्यांना म्हणाला, "नवरा-बायकोच्या मध्ये पडू नकोस." त्या म्हणाल्या, "दुकान माझं आहे, मध्ये मीच असणार." तो निघाला. जाताना थर्मास घ्यायला विसरला नाही.

ग्रिसेल्दाबाईंनी दुकान बंद करून मला दवाखान्यात नेले. उजव्या हाताची दोन बोटे मोडली आहेत. दाखला सोबत जोडला आहे. वाटेत मी रडले नाही. ग्रिसेल्दाबाई रडल्या.

मला विचारण्यात आले की, तुम्ही खरोखर घर सोडून जाणार होता का. माझ्या बोटांचा या प्रश्नाशी संबंध नाही, म्हणून मी उत्तर देत नाही. मला असेही विचारण्यात आले की, घरातली बाब घरात मिटवायची आहे का. नाही.

दवाखान्यातून आम्ही परत दुकानात आलो. ग्रिसेल्दाबाईंनी हलका लॅपटॉप खोक्यात घालायला घेतला. मी त्यांना थांबवले आणि जड लॅपटॉप द्यायला सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं, हाताची ही अवस्था, आणि जडच नेतेस? त्यानंही तोच नेला असता."

मी म्हणाले, "काम त्याच्यावर चांगलं होतं. त्याला काय आवडलं असतं, ते बघून मी आता काही ठरवणार नाही."

"पण उचलशील कसा?"

"रोज थोडाच उचलायचाय," मी म्हणाले. "एकदाच न्यायचाय."

पावती माझ्या नावावर आहे. पासवर्ड मी डाव्या हाताने टाकला आहे. तो कोणालाही सांगितलेला नाही आणि येथेही सांगणार नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखविण्यात आला. सांगितलेली दुरुस्ती त्यात झाली आहे. तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे. उजव्या हातास प्लास्टर असल्याने डाव्या हाताने सही केली आहे. सही वाकडी आली असली तरी माझीच आहे.