हिरव्या कापडामागे

(समुद्रकाठचं कबरस्तान. ईदच्या आदल्या दिवशीची सकाळ. वसीला आणि तिचा धाकटा भाऊ नौफल, नगरपालिकेतला अधिकारी. तो तिला ‘लेल्ला’, म्हणजे ताई, म्हणतो.)

वसीला : आणि हे कापड कुणी ताणलं इथे?

नौफल : हात लावू नकोस, लेल्ला. खांब कच्चे आहेत, पडतील.

वसीला : हिरवं कापड, वर डॉल्फिनची चित्रं. आपल्या गावात डॉल्फिन शेवटचा कुणी पाहिला रे?

नौफल : तात्पुरतं आहे गं. राजधानीतून समिती येतेय. हरित शहराचं मानांकन द्यायचं की नाही, ते आज ठरणार. तू असं कर, ही चुन्याची बादली घेऊन संध्याकाळी ये.

वसीला : ईदच्या आधी आईच्या कबरीला चुना लावायचा, ही मी आज काढलेली टूम नाही. सरक.

नौफल : तिकडे काही नाही. दरड जराशी ढासळलीय.

वसीला : जराशी? नौफल, इथे बशीरकाका होते. त्यांच्या शेजारी त्यांची बायको होती. कुठे गेले दोघं?

नौफल : हिवाळ्यात लाटा मोठ्या आल्या. जे सापडलं ते आम्ही वरच्या बाजूला नीट पुरलं. इमामांना बोलावून, सगळं रीतीप्रमाणे.

वसीला : जे सापडलं ते.

नौफल : लेल्ला, समुद्र आहे तो. नगरपालिकेला विचारून येत नाही.

वसीला : आजवर का नाही आला मग? आपल्या आजोबांच्या आधीपासूनचं कबरस्तान आहे हे. दरवर्षी समुद्र स्वतःच आपल्या तळच्या गवताचे वाळके ढीग आणून किनाऱ्यावर रचायचा. माणूसभर उंच. लाटा त्याच्यावर डोकं आपटून परत जायच्या. ते गवत कुठे गेलं?

नौफल : वास यायचा त्याला. माश्या घोंगावायच्या. ‘स्वच्छ किनारा’ या सदरात आपले गुण जात होते.

वसीला : म्हणून यंत्र लावून उचललंस.

नौफल : मी एकट्याने नाही. ठराव झाला होता.

वसीला : त्याच गवताच्या गाद्या भरायची आई. त्याच्यावर झोपून मोठा झालास, आणि आता तुला वास येतो. आईच्या कबरीपासून कडा किती लांब राहिलाय, बघ. माझी बादली ठेवायला जागा नाही पायथ्याशी.

नौफल : ईद होऊ दे. दगड टाकून घेतो.

वसीला : दगड नको. आईला हलवायचं. इमाम म्हणालेत, पाणी इथवर आलं तर कबर हलवायला हरकत नाही. परवानगी तुझ्या खात्याची लागते, तर ती दे आणि माणसं बोलाव. वारा ईशान्येचा सुटलाय. आज रात्री समुद्र चढणार, हे तुलाही कळतं.

नौफल : आज? समिती दारात असताना मी इथे कबर खणायला लावू? काय सांगू त्यांना?

वसीला : खरं सांग.

नौफल : खरं सांगितलं तर मानांकन गेलं. त्याबरोबर अनुदान गेलं, सौरदिवे गेले, विजेवरची बस गेली. तुझ्याच गल्लीला दिवे मिळणार आहेत, लेल्ला.

वसीला : माझ्या गल्लीचं सांगू नकोस. घरोघरी दोन डबे दिलेत, ओल्याचा वेगळा, सुक्याचा वेगळा. गाडीवाला दोन्ही एकाच गाडीत उपडे करतो. गच्चीवर बाग केली तर करात सूट म्हणालात, तर माझ्याच सब्जाच्या कुंड्या पाहणीच्या दिवशी अख्ख्या गल्लीत गच्चीगच्चीवर फिरून आल्या. तुमचा निरीक्षक प्रत्येक घरी त्यांचाच वास घेऊन ‘वा, वा’ करत होता. त्याचं मला हसू आलं होतं. याचं नाही येत.

नौफल : हळू बोल. पलीकडे माणसं आहेत.

वसीला : एक विचारते. गवत उचललं की किनारा खचणार, हे तुला ठाऊक होतं?

नौफल : ...नगराध्यक्षांना मी बोललो होतो. एकदा. ते म्हणाले, एका हिवाळ्याने काय होतंय.

वसीला : आणि तू गप्प बसलास.

नौफल : खातं नुकतंच हातात आलं होतं. पहिल्याच कामाला विरोध केला असता तर मला मासळीबाजाराच्या मोऱ्या बघायला पाठवलं असतं. घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालतं.

वसीला : शिसारी आली रे तुझी. समुद्राने माणसं नेली आणि तू वर डॉल्फिन लटकवलेस. रोजा आहे म्हणून तोंड आवरते.

नौफल : हवं ते बोल, पण आत्ता नको. ती बघ गाडी आली. लेल्ला, पाया पडतो, पाच मिनिटं त्या भिंतीआड उभी राहा. ते गेले की परवानगी देतो. आईची शपथ.

वसीला : कुणाची?

नौफल : आल्या, आल्या. तू बोलू नकोस. ...या, मॅडम, या. जपून, वाळू भुसभुशीत आहे. हा आपला किनारा.

परीक्षक बाई : छान ठेवलाय हो. किती मोकळा वाटतो. गवताचा मागमूस नाही कुठे.

नौफल : रोज झाडून घेतो आम्ही.

परीक्षक बाई : आणि या कापडामागे काय आहे?

नौफल : मागे? मागे काही नाही, मॅडम. जुना भराव आहे.

परीक्षक बाई : आणि या बाई?

नौफल : या... सफाईला असतात.

परीक्षक बाई : अरे वा. मग तुमचंही कौतुक करायला हवं. काय करताय आज?

वसीला : भरावाला चुना लावतेय, मॅडम. माझी आई आहे त्यात. यांचीही.