सातशे बदलीवाल्यांचे दिवस

(सोलापुरातली एक गिरणी, १९७९. कॉम्प्युटरची खोली, खंडेनवमीची दुपार. मानसिंग विभागप्रमुख, चन्नप्पा ऑपरेटर.)

चन्नप्पा : नवव्यांदा तेच की, साहेब. सुरू करायचा प्रोग्राम सापडत नाही म्हणतंय.

मानसिंग : शोधतंय कुठं?

चन्नप्पा : शून्य नंबरच्या ड्राइव्हवर. कायम तितंच असतोय की.

मानसिंग : आणि नवी डिस्क आपण घातली एक नंबरला. शून्याला हातसुद्धा लावला नाही. पाठ धरली रे माझी. चार वाजता मॅनेजरसाहेब यादी मागणार. कुणा बदलीवाल्याचे दोनशे चाळीस दिवस भरले, कुणाला कायम करायचं. गैरहजर कामगाराच्या जागी येणारी ही सातशे माणसं आहेत.

चन्नप्पा : साहेब, हितं या जरा. नवी डिस्क डावीकडच्या ड्राइव्हला घातली न्हवं आपण?

मानसिंग : डावीकडच्याच.

चन्नप्पा : मग डावीकडच्या ड्राइव्हच्या नंबराच्या टोपणावर शून्य कसं काय?

मानसिंग : ही टोपणं कुणी काढली होती? मशीन टोपणावरूनच ड्राइव्ह ओळखतं!

चन्नप्पा : झाडलोट करणाऱ्या सोजरबाईनं. पूजेआधी सगळं धू म्हटलं, तिनं ही बी काढून साबणानं धुतली नि परत बसवली. चकाचक दिसत्यात म्हणून मी बी काय बोललो नाही.

मानसिंग : अरे देवा, एवढंच ना! अदलाबदल कर. कर सुरू.

चन्नप्पा : ...सापडत नाही म्हणतंय.

मानसिंग : परत लाव.

चन्नप्पा : तेच, साहेब.

मानसिंग : थांब. पूजा झाल्यावर मुहूर्त म्हणून आपण काय केलं?

चन्नप्पा : नवी डिस्क तयार केली की. टेपवरनं प्रोग्राम लावला, एक नंबरवरचं सगळं पूस म्हणून सांगितलं. तुमी बटण दाबलं, मी नारळ फोडला.

मानसिंग : एक नंबरचं टोपण तेव्हा कुठं होतं?

चन्नप्पा : उजवीकडं. जुन्या डिस्कच्या ड्राइव्हला... अय्यो, शिवा शिवा!

मानसिंग : वर्षाची हजेरी पुसली आपण. नारळ फोडून पुसली.

चन्नप्पा : दुसरी प्रत?

मानसिंग : तीच डिस्क खराब झाली म्हणून तर नवी आणली. हजेरीची कार्डं?

चन्नप्पा : मशीनमध्ये भरली की रद्दीत. आता कागद कशाला, असं तुमीच म्हणालात.

मानसिंग : म्हणालो खरं.

चन्नप्पा : बाईचं नाव सांगू या, साहेब. तुमच्या अंगावर कशाला घेताय? बदलीवाली हाय. उद्यापासनं येऊ नको म्हटलं की झालं.

मानसिंग : तिला धुवायला सांगितलं, तिनं धुतलं. तिला वाचता येत नाही, मला येतं. नंबर न बघता बटण दाबलं मी. लाज वाटते रे.

सोजरबाई : सायेब, परसाद तसाच पडलाय. कुनीच खाल्ला न्हाय.

मानसिंग : ठेवा तिथं, बाई.

सोजरबाई : माजं दिवस किती भरलं, तेवडं मिशनीला इचारता का? आज यादी हाय म्हनं.

चन्नप्पा : मशीन बंद हाय, मावशी.

सोजरबाई : सकाळी म्या धुतलं, त्यानं तर न्हाय न्हवं बिघडलं?

मानसिंग : नाही. चूक माझी आहे. तुमच्या मोजणीनं किती भरले?

सोजरबाई : आजचा धरून दोनशे सदतीस.

चन्नप्पा : नीट आठवा, मावशी. दोनशे चाळीस लागतात.

सोजरबाई : ठावं हाय की. पोरगी तापानं पडली तवा तीन खाडं झालं. ते कसं धरू? ह्या खेपेला न्हाय व्हायचं, सायेब.

मानसिंग : ...चन्नप्पा, कोरी वही काढ. बदलीवाल्यांना एकेक करून आत बोलव. जो जेवढे सांगेल तेवढे लिहायचे. मॅनेजरसाहेबांना काय झालं ते मी सांगतो.

चन्नप्पा : सातशे माणसं, साहेब. सगळी खरं सांगतील?

मानसिंग : पहिलीनं तर सांगितलं.