गुडघा जिचा, होकार तिचा

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील अधिकारी मंडळी, आपल्या उपकेंद्रातून आज निवृत्त होणाऱ्या नर्स गीताबाई, आणि शेतातली कामं टाकून आलेल्या आयाबहिणींनो,

मी छाया, पासलीची अंगणवाडीसेविका. मघाशी आरोग्य खात्याच्या साहेबांनी गीताबाईंना 'शिस्तप्रिय' म्हटलं. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. का, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी भाताच्या बांधावरून पडले. गुडघ्यात हाडांमध्ये जी गादी असते, कूर्चा, तिचा टवका उडाला. त्याच वर्षी शहरातले डॉक्टर उपकेंद्रात आले. आपल्याच गुडघ्यातल्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, यंत्रावर थरावर थर छापून नवी कूर्चा करायची आणि त्या खड्ड्यात बसवायची! विद्या मोठीच, नाही कोण म्हणतंय? पण संमतीचा कागद? सोळा पानं, सगळी इंग्रजीत. गुडघे दुखावलेल्या आम्ही नऊजणी रांगेत. हेच साहेब तेव्हा म्हणाले, "अंगठे घ्या पटापट."

गीताबाईंनी स्टॅम्पपॅड उचलला, कपाटात टाकला आणि कुलूप घातलं. "यांना कळल्याबिगर न्हाई."

"खेड्यातल्या बायका. कळून काय करणार?"

"गुडघा त्यांचा हाय, साहेब."

बक्षीस काय मिळालं? शिस्तभंगाची कारणे दाखवा नोटीस, आणि दोन वर्षं लांबच्या केंद्रावर बदली. तेव्हा टाळ्या वाजवणारे हे हात कुठं होते? माझे तरी कुठं होते?

पण अंगठे काही मिळाले नाहीत, म्हणून चार महिन्यांनी कागद मराठीत आला. त्यात लिहिलं होतं: हा प्रयोग आहे, दोनदा शस्त्रक्रिया होईल, बसवलेला कूर्चेचा तुकडा धरेलच असं नाही. यातलं एक अक्षर आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं! सहाजणी परत फिरल्या. तिघींनी वाचून, विचारून होकार दिला. माझा तुकडा धरला. आज मी मांडी घालून पोरांना भरवते. बाळाबाईंचा धरला नाही. त्या बघा, तिसऱ्या रांगेत, काठी घेऊन. मी त्यांना विचारलं, पस्तावा होतो का? म्हणाल्या, "सांगितलं व्हतं मला. म्याच व्हय म्हणाले."

बाळाबाई रागावलेल्या नाहीत. मी आहे. कारण ती नोटीस गीताबाईंच्या सेवापुस्तकात अजून तशीच आहे. साहेब, शाल राहू द्या. ती नोटीस रद्द केल्याचं पत्र द्या, आणि ते याच माईकवर वाचा.

बोलू दिलंत, आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर गीताबाई, तुम्ही पोटात घाला. बाकी कुणाची क्षमा मी आज मागत नाही.