दहाव्या आठवड्याचे पाहुणे

कारकूनबाई – ही पावती खोलीच्या किल्लीची. इथे सही.

मुलगी – झाली.

कारकूनबाई – ही टेबल-खुर्ची जमा केल्याची.

मुलगी – झाली.

कारकूनबाई – अगं, वाचशील तरी. 'खुर्ची एक, मोडकी' असं लिहिलंय मी. नाहीतर उद्या म्हणायचे, सरांच्या मुलीने खोली रिकामी करताना मोडली.

मुलगी – मोडकीच होती. बाबा उशी ठेवून बसायचे. पुढचा कागद?

कारकूनबाई – ग्रंथालयाचा. नऊ पुस्तकं होती त्यांच्या नावावर. आठ इथे मिळाली. एक घरी असेल.

मुलगी – शोधते.

कारकूनबाई – सवडीने शोध. तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत माणसाला जाऊन, आणि मी पुस्तक मागत बसलेय. चहा सांगू?

मुलगी – नको काकू. दीडला माझी पाळी आहे.

कारकूनबाई – दवाखान्यात जायला लागलीस?

मुलगी – पाचव्या दिवसापासून. घरी बसून काय करायचं?

कारकूनबाई – आई काय म्हणते?

मुलगी – सकाळी दोन कप काढते. एक परत ठेवते. इथे सही का?

कारकूनबाई – थांब. ही वाचून कर.

मुलगी – सगळ्या सारख्याच आहेत.

कारकूनबाई – ही नाहीये. म्हणून मुद्दाम खाली ठेवली होती. वाच.

मुलगी – 'विशेष विषय. बाहेरील पाहुण्यांचे संमतीपत्र.' काकू, हा चुकून आलाय माझ्याकडे.

कारकूनबाई – चुकून काही येत नाही माझ्या टेबलावर. विशेष विषयाचा पेपर आठवतो ना? तूही होतीस की इथे दीड वर्ष.

मुलगी – आठवतो. शेवटच्या सत्रातला. अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी, ज्याला जे शिकवावंसं वाटेल ते.

कारकूनबाई – तोच. एका ओळीत नाव द्यायचं, पंधरा आठवड्यांची आखणी जोडायची. आठ मुलं आली तर पेपर होणार, सात आली तर नाही. मिठाच्या बाजाराचा पेपर ठेवला होता सरांनी, त्या वर्षी सात आली. आठवं गिऱ्हाईक मिळवायला व्हरांड्यात उभे राहिले होते, भाजीवाल्यासारखे.

मुलगी – मिळालं?

कारकूनबाई – मिळालं. इतिहासाचा एक मुलगा जिना चुकून वर आला होता. त्याला बसवला. पास झाला बिचारा, चांगल्या मार्कांनी.

मुलगी – यंदा काय होतं नाव?

कारकूनबाई – तुला सांगितलं नव्हतं?

मुलगी – अर्थशास्त्र आमच्या घरात बंद होतं. मी एम.ए. सोडलं तेव्हापासून. ते विचारायचे, जेवलीस का. मी विचारायचे, गोळी घेतलीत का. सहा वर्षं.

कारकूनबाई – 'वाट पाहण्याचं अर्थशास्त्र.'

मुलगी – बरं.

कारकूनबाई – बरं काय? आठ मुलं आली, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि यंदा आखणी वेळेआधी दिली सरांनी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दरवर्षी मी शिक्क्याची तारीख एक दिवस मागे फिरवायची त्यांच्यासाठी, नोकरी घालवाल माझी म्हणायची. यंदा आले ते दहा दिवस आधी. मी म्हटलं, सर, सूर्य कुठे उगवला आज? हसले नुसते. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मुलगी – काय लक्षात यायला हवं होतं? झोपेत गेले ते. त्यांच्याही लक्षात नव्हतं.

कारकूनबाई – तसं असेल.

मुलगी – मग आखणी पूर्ण आहे, मुलं आहेत. माझी सही कशाला?

कारकूनबाई – चौदा आठवडे पूर्ण आहेत. दहाव्याला पाहुणे आहेत. पाहुण्यांचं नाव वाच.

मुलगी – माझं आहे.

कारकूनबाई – हो.

मुलगी – पुढे 'शिक्षण' या रकान्यात... हे काय लिहिलंय?

कारकूनबाई – मी भांडले त्यावरून. म्हटलं, सर, इथे पदवी लिहायची असते. ऐकतात कुठे! मोठ्याने वाच, मला ऐकू दे पुन्हा.

मुलगी – 'रोज दोनशे माणसांना वाट पाहायला लावण्याचा सहा वर्षांचा अनुभव.'

कारकूनबाई – समितीने हाणून पाडलं असतं एरवी. पण आता कोण बोलणार?

मुलगी – काकू, मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर देते. खिडकीत बसून. टोकन देते आणि हाक मारते. याच्यावर कसलं व्याख्यान? दहावा आठवडा खोडा आणि दुसरं काहीतरी घाला.

कारकूनबाई – आखणी बदलायची तर ज्यांनी केली त्यांची सही लागते. शिकवायला दुसरा माणूस चालतो, आखणीला चालत नाही. आणि समिती आज पाचला बसतेय. तुझी सही नसली की आखणी अपूर्ण, आणि आखणी अपूर्ण की पेपर रद्द. त्या आठ जणांना मग जागा उरलीय ती विभागप्रमुखांच्या 'विनिमय दर, भाग दोन'मध्ये.

मुलगी – बसू देत. आम्हीही बसलो होतो भाग एकला.

कारकूनबाई – म्हणून तर पळून गेलीस.

मुलगी – रद्द करा काकू. मला खरंच काही वाटत नाहीये. म्हणजे मी रागाने म्हणत नाही. मला दीडला पोचायचंय.

नवे सर – येऊ का आत?

कारकूनबाई – या नवे सर. ओळख करून द्यायला नको. वर्गातलीच आहे तुमच्या.

मुलगी – तुला अजून नवे सर म्हणतात?

नवे सर – चार वर्षं झाली. दुसरा कुणी नेमेपर्यंत मीच नवा. कशी आहेस?

मुलगी – ठीक. तू शिकवणार का हा पेपर?

नवे सर – झाला तर. म्हणजे, मी वाचलीय सगळी आखणी. ती सरांसारखी शिकवता येईल असं नाही म्हणत. पण पहिले नऊ आठवडे मला समजतात. रांग कशी लागते, वेळेची किंमत कशी मोजायची, पैसे भरून पुढे जाऊ द्यावं की नाही. हे पुस्तकांत आहे. दहावा कुठल्याच पुस्तकात नाही.

मुलगी – काय आहे दहाव्यात?

कारकूनबाई – आखणी तिला दाखवली नाही अजून. ही घे. पिवळा कागद.

मुलगी – तूच वाच. बाबांचं अक्षर मला आत्ता... तू वाच.

नवे सर – 'आठवडा दहा. डोळ्यांचा दवाखाना. मी तीन दुपारी तिथे बसलो. खिडकीतली बाई दर दहावं टोकन कुणालाच देत नाही. दहा, वीस, तीस अशी बाजूला ड्रॉवरमध्ये ठेवते. तरी संध्याकाळपर्यंत ती सगळी जातात. कुणाला देते? ओळखीच्यांना नाही. आरडाओरडा करणाऱ्यांना तर नाहीच. पाहुण्यांना विचारणे.'

मुलगी – त्यांचा डोळा दुखत होता.

नवे सर – काय?

मुलगी – डोळ्यातून पाणी येतं म्हणून आले होते. तीन दिवस. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय झालंय. तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. खिडकीच्या समोरच्या खुर्चीत बसले, मांडीवर वही घेऊन. मला वाटलं, मला बघायला आलेत. मुलगी कुठे येऊन बसलीय ते बघायला.

कारकूनबाई – बघायलाच आले होते.

मुलगी – मी सगळ्यांसमोर म्हटलं, बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच खुर्ची अडवू नका. बाहेर बायका उभ्या होत्या.

नवे सर – ते कुणाला देतेस? राखलेली टोकनं.

मुलगी – ते काही अर्थशास्त्र नाही.

नवे सर – तरी.

मुलगी – काही माणसं सारखी दाराकडे बघतात. लांबून आलेली असतात, परतीची गाडी असते, घरी कुणाला तरी एकटं ठेवलेलं असतं. ती खिडकीशी येऊन भांडत नाहीत. उठतात आणि निघून जातात. मग सहा महिन्यांनी येतात, तेव्हा तो डोळा गेलेला असतो. ती उठायच्या आत त्यांना एक टोकन द्यायचं. बस. पहिल्या वर्षी एक बाई अशी गेली माझ्यासमोरून. तेव्हापासून ठेवते.

नवे सर – हेच. एवढंच बोलायचंय वर्गात.

कारकूनबाई – खाली अजून आहे, नवे सर. टाचणी लावलेलं.

(नवे सर टाचणी काढतात. पिवळ्या कागदामागून पत्र्याची एक गोल चकती टेबलावर पडते, फिरते आणि थांबते. मुलीला आकडा वाचावा लागत नाही.)

मुलगी – चाळीस.

कारकूनबाई – ओळखलंस.

मुलगी – चार महिने शोधतोय आम्ही हे. ड्रॉवर उपसला, झाडूवाल्या मावशींना उगीच बोलले मी. शेवटी रजिस्टरला 'हरवले' म्हणून लिहून टाकलं. हे मी त्यांना दिलं होतं. खुर्ची अडवू नका म्हटल्यावर सारखे दाराकडे बघायला लागले. मला वाटलं, असू दे, एकदाचे तपासून घेतील आणि जातील. राखलेल्यातलं चाळीस काढून हातात दिलं. नंतर तीनदा हाक मारली. चाळीस, चाळीस, चाळीस. वर बघितलं तर खुर्ची रिकामी. वाटलं, टोकन तिथेच कुठेतरी टाकून गेले.

नवे सर – पुढे लिहिलंय त्यांनी. वाचू?

मुलगी – वाच.

नवे सर – 'तिसऱ्या दुपारी मला चाळीस नंबर मिळाला. तो माझा नव्हता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उठू की नको करत होते. त्यांना मिळावा म्हणून मी उठून बाहेर आलो. बस स्टॉपवर खिशात हात घातला तेव्हा कळलं, टोकन माझ्याकडेच. म्हणजे तो नंबर ना मला मिळाला, ना त्यांना. परीक्षेसाठी प्रश्न: या प्राध्यापकाला नापास करावे का?'

कारकूनबाई – मला सांगताना हसून हसून डोळे पुसत होते. म्हणाले, 'बाई, सव्वीस वर्षं वाटपाचे नियम शिकवतोय आणि टोकन खिशात घालून आलो!' मी म्हटलं, नेऊन द्या की मग, पोरगी शोधत असेल. तर म्हणाले, 'दहाव्या आठवड्यात वर्गात परत करीन. सगळ्यांसमोर तिची माफी मागायची आहे, तर काहीतरी निमित्त हवं.'

मुलगी – माफी कशाची?

कारकूनबाई – ते नाही सांगितलं. मी विचारलं नाही.

मुलगी – माफी मी मागायला हवी होती. खुर्चीची.

कारकूनबाई – असेल. दोघेही एकाच घरात राहत होतात, मला काय विचारतेस?

मुलगी – ते शेजारचे गृहस्थ मला आठवतायत. निळा स्वेटर. त्यांना मी सत्तर नंबर दिला नंतर. त्यांचं झालं त्या दिवशी.

नवे सर – हे सरांना माहीत नव्हतं.

मुलगी – नाही. मी काय सांगणार? घरी गेले तेव्हा ते जेवत होते. मी विचारलं, गोळी घेतलीत का.

कारकूनबाई – पाणी देऊ?

मुलगी – नको. मला रडू येत नाहीये काकू. सगळ्यांना वाटतं, येईल. येत नाही.

कारकूनबाई – मग नको रडूस. कुठे लिहिलंय रडायलाच हवं म्हणून?

नवे सर – हे बघ, तुला नको असेल तर मी समितीला सांगतो. म्हणजे, मुलांची काहीतरी सोय लागेल. तुझ्यावर जबरदस्ती...

मुलगी – दहावा आठवडा कधी येतो?

कारकूनबाई – मंगळवार. दुपारी दोन.

मुलगी – मंगळवारी पाळी बदलून घ्यावी लागेल. आठच मुलं आहेत ना?

नवे सर – आठ. आणि मी.

कारकूनबाई – आणि मी. दाराशी बसेन. सव्वीस वर्षं नुसती नावंच टाईप केली यांच्या पेपरांची, एकदाही आत जाऊन ऐकलं नाही.

मुलगी – फळ्यावर वगैरे लिहायचं असतं का?

नवे सर – नाही लिहिलंस तरी चालेल.

मुलगी – पेन द्या. 'शिक्षण'चा रकाना तसाच राहू दे?

कारकूनबाई – हात लावायचा नाही त्याला. खाली सही कर. पूर्ण नावाने. बाबांचं नाव मधे येतं ना, तशी.

मुलगी – झाली.

कारकूनबाई – आणि तारीख. आजची घाल, मागची नको. यंदा आपण वेळेत आहोत.

मुलगी – एक वाजून गेला. निघते मी. ते पुस्तक मिळालं की आणून देते.

नवे सर – अगं, हे टोकन? दवाखान्याचं आहे, घेऊन जा.

मुलगी – नको. टाचणीला लावून ठेव परत. दहाव्या आठवड्यात देणार होते ना ते. तेव्हाच नेईन.

नवे सर – आणि तोवर?

मुलगी – तोवर एकोणचाळीस झालं की एक्केचाळीसला हाक मारते. चार महिने मारतेच आहे.