हितधारक क्रमांक एक

...अहो उभे काऊन राह्यले, बसा ना! खुर्ची मोडत नाई, माहीच हाय! निवाऱ्याचे साहेब येतेतच म्हणे, सकाळच्या आठपासून येतेतच... आन् तुमी बी काय लोकं हो! समुद्राकाठून निंगाले, दोन दिवस रेल्वेत, एक दिवस जीपमदे हाडं खिळखिळी करून घेतली, काहाले? तं या मडवाटोला गावात लोकाईले इचारून पूरनिवारा कसा बांधला ते पाहाले! म्हणजे तुमच्या किनाऱ्यावर बी तसाच बांधता येईन! आन् ह्या मॅडम मले इचारतेत, "हितधारक क्रमांक एक, रफीक शेख, ते तुम्हीच का?" मीच बाई, मीच. पण तुमाले सांगतो, मी या गावचा बी नाई, या नदीचा बी नाई! मी आलापल्लीचा मंडपवाला. माहं काम काय? खुर्च्या मांडणं!

दोन सालाआधी इथीच मीटिंग होती. आपण बसलो हा निवारा उभा हाय ना, याच जागेवर, तवा मोकळं मैदान होतं. साहेबानं पडदा लावला, पडद्यावर तुमचाच समुद्र! लाटा, नारळाची झाडं, होड्या... गावची पोरं डोळे फाडून पाह्यतेत. साहेब म्हणतेत, "हवामान बदललंय, पाणी आता पूर्वीसारखं वागणार नाही, म्हणून काठावरच्या प्रत्येक माणसाला विचारूनच नियोजन करायचं!" खोटं नाई सांगत, मले भरून आलं. आजवर शंभरेक मीटिंगा उभ्या केल्या, मले कोणी 'चहा पेला का' इतकं बी नाई इचारलं! मंग साहेबानं बोट दाखवलं, निवारा इथीच, रस्त्याले लागून, सपाट जागा, ट्रक दारात येते. कोणाची हरकत?

...मांगच्या रांगेतले सर, तुमी जरा पुढं सरका. काई नाई, असंच.

तं मांगून सुकरीबाई बोलली. म्हातारी खुर्चीवर बसत नाई, भुईवरच बसते. म्हणे, "इथी नोको. नदी समोरून येत नाई, नाल्यातून मांगून येते. येर पयले इथीच येते." येर म्हणजे गोंडीत पाणी. "टेकडीवर बांधा." साहेब हासले. "आजी, टेकडीवर ट्रक चढत नाही." तं म्हातारी म्हणते, "पुरात ट्रक वाचवाचा हाय का माणसं?"

तवा साहेब म्हणाले, हात वर करा, बहुमत घेऊ. एक हात नाई उठला! गावचा चैतूभाऊ उभा झाला, शांत माणूस, म्हणे, "साहेब, आमच्यात हात मोजत नाई. एकाचं बी मन नाई म्हणते तं निर्णय नाई. बसू, बोलू." साहेब म्हणाले, "किती वेळ बसणार?" चैतूभाऊ म्हणे, "गोटुलाचं छप्पर बदलाचं होतं तवा अकरा दिवस बसलो." गोटुल म्हणजे गावानं एकत्र बसाचं घर. साहेबानं घड्याळ पाह्यलं, मंग आभाळ पाह्यलं, मंग... मंग माह्याकडं पाह्यलं हो! मी खुर्च्या एकात एक घालून राह्यलो होतो! म्हणे, "रफीकभाऊ, इथे सही करा, कार्यक्रम झाल्याची." माहं काम काय? खुर्च्या मांडणं! वर काय लिवलं ते मी वाचलंच नाई...

वाचलं. खोटं काऊन बोलू तुमच्यासंगं? वाचलं मी. 'बाधित व सहमत.' पण पाऊस दाटला होता, पूल बुडाच्या आत मले टेम्पो काढाचा होता. मारली सही. आन् अहवालात काय आलं? शंभर टक्के सहमती! एकाची सही, एकाचीच सहमती, झाले ना शंभर टक्के?

मंग निवाऱ्याच्या भिंती वर यायले लागल्या, तसा टेम्पो काढला. गेलो साहेबाच्या ऑफिसात. मनलं, बाबूजी, माही सही वापस द्या. बाबू म्हणते, "मिळते ना! सगळ्या हितधारकांची बैठक लावा, सर्वानुमते रद्द करा. बैठक निवाऱ्यातच घेऊ. खुर्च्या तुमच्याच सांगू?"

...सर, अजून पुढं. हो, खुर्ची घेऊनच या.

काय म्हणता मॅडम? गाव कुठी हाय? बरं इचारलं. गाव टेकडीवर गेलं. आज सकाळीच. कोंबड्या, बकऱ्या, पोरं, खाटेवरचे म्हातारे, समदे. गोटुलात बसले आन् पाच मिंटात सहमती झाली! माहा टेम्पो येत होता तवा ते चढून राह्यले होते. सुकरीबाईनं आवाज देल्ला, "रफीक, वर ये." मी मनलं, बाई, पाहुणे येऊन राह्यले, खुर्च्या मांडाच्या हायेत. तिनं नुसतं पाह्यलं माह्याकडं. मयताच्या घरी पाह्यतेत ना, तसं.

थांबा, साहेबाचा फोन... हो साहेब. हो, आले समदे. काय? पूल? ...बरं. हो. ...साहेब म्हणतेत पूल पाण्याखाली गेला, ते पल्याडच हायेत, तुमी कार्यक्रम सुरू करा. आन् हजेरीवर समद्याईच्या सह्या घ्या म्हणतेत.

मॅडम, पाय वर घेतले तुमी? हो. सतरंजी वली झाली. मांगूनच आलं, म्हातारी म्हणे तसंच.

आता ऐका. मांगच्या दारानं टेकडीची वाट हाय, अजून तरी घोट्याइतकंच पाणी हाय. चपला हातात घ्या, एकमेकाचा हात धरा, माह्यामांगं या. समद्याईची सहमती हाय ना? ...नाई? चश्मेवाले सर म्हणतेत, अध्यक्ष, म्हणजे साहेब, आल्याशिवाय बैठक सोडता येत नाई? बसा मंग सर. मी हात जोडून सांगतलं, तरी बसाचंच हाय तं बसा. खुर्च्याईची काळजी नोका करू, प्लास्टिकच्या हायेत... तरंगतेत त्या.